कुसुमबाईची पात

सीतादहीचा दहीभात तळहातावर पडला तेव्हा कुसुमबाईला कळलं, की कापसाची पहिली वेचणी यंदा तिच्याविना होऊन गेली.

ती ओसरीत बाजेवर बसली होती. सून सुवर्णा शेतातून आली, हातपाय धुतले आणि सासूचा हात उघडून त्यावर भात ठेवला.

"आत्याबाई, परसाद घ्या."

"कायचा परसाद व?"

"सीतादहीचा. सकायी उरकून घेतलं."

घरधनीण न्हाऊन शेतात जाते, पहिल्या झाडाच्या बुडाशी पाच खडे मांडते, त्यांना कुंकू लावते, दहीभात दाखवते आणि पहिलं बोंड आपल्या हातानं वेचते. त्यानंतरच बाकीच्या बाया आपापली पात धरतात. पात म्हणजे एका बाईच्या वाट्याची झाडांची ओळ. एकदा धरली की शेवटच्या झाडापर्यंत तिचीच. तीस वर्षं पहिलं बोंड कुसुमबाईनं वेचलं होतं. मुलगा राजकुमार पोटात होता तेव्हा, आणि सासऱ्याच्या तेराव्याला चारच दिवस झाले होते तेव्हासुद्धा.

"कोनं वेचलं पह्यलं बोंड?"

"मीच वेचलं," सुवर्णा हळू म्हणाली. "मामाजी म्हनले, तुमाले कायले तरास."

"बरं केलं," कुसुमबाई म्हणाली आणि भात तोंडात घातला. दह्यात साखर होती, मीठ कमी होतं. तिला सुनेचा राग आला नाही. तिला नवऱ्याचा आला, पोराचा आला आणि सगळ्यात जास्त आपल्या डोळ्यांचा आला.

डोळे उन्हाळ्यापासून बिघडले होते. आधी कडा गेल्या. बाजूनं कोणी आलं तर अंगावर येईपर्यंत दिसेना. पोळ्यापर्यंत मधलंही धुरकटलं. आता उजेड आणि सावली तेवढी उरली होती. आदिलाबादच्या डॉक्टरकडे राजकुमार घेऊन गेला होता. डॉक्टर राजकुमारशी तेलुगूत बोलला, बराच वेळ बोलला. बाजारात मिरच्या विकण्यापुरती तेलुगू कुसुमबाईलाही येत होती, पण डॉक्टरची तेलुगू तिच्या हाती लागली नाही. बाहेर आल्यावर एवढ्या लांब बोलण्याचं राजकुमारनं दोन वाक्यांत केलं. "काचबिंदू हाय, दिवायीनंतर आप्रेशन करू म्हनते. तवर थेंब टाकाचे."

तेव्हापासून ती दिवाळीची वाट बघत होती. एवढी वाट तिनं सासरी आल्यावर पहिल्या दिवाळीला माहेरच्या बोलावण्याचीही बघितली नव्हती.

घरात सगळे तिच्याशी चांगले वागत होते, हीच पंचाईत होती. कोणी वाकडं बोललं असतं तर तिला भांडता आलं असतं. नवरा, चंपतराव, तिच्याशी मोठ्यानं बोलायचा, जसे डोळ्यांबरोबर कानही गेले. राजकुमार ताटात पोळी कुस्करून द्यायचा. शेजारीण आली की विचारायची, "कुसुमबाई जेवली का?" आणि विचारायची सुवर्णाला. कुसुमबाई जरा उठली की तीन तोंडांतून एकच शब्द निघायचा: बसा. दिवसातून वीसदा बसा. बसून बसून तिच्या मांड्या भाकरीच्या पिठासारख्या सैल झाल्या होत्या.

आणि हे सगळं ऐन वेचणीत. यंदा पाऊस लांबला आणि मागून ऊन असं पडलं, की पाचही एकरांतली बोंडं एकदम फुटली. मोबाइलवर सांगत होते, आठवडाभरात पुन्हा पाऊस आहे. फुटलेला कापूस भिजला की गेला कामातून. चंपतराव मोटारसायकलवर चार गावं फिरला. वेचायला बाया मिळेनात. सगळ्यांचाच कापूस एकदम फुटलेला. शेवटी दोन बाया आल्या, तिसरी सुवर्णा. आणि ज्या बाईच्या हाताला सबंध गावात तोड नव्हती, ती बाजेवर बसून कोंबड्यांचा आवाज ऐकत होती.

गावातल्या आशाताईनं सुवर्णाला सांगितलं, बाजारगावी, बोथला, दर सोमवारी पंचायतीच्या मागच्या खोलीत डोळे गेलेली माणसं जमतात, सासूला घेऊन जा. कुसुमबाईनं ऐकलं आणि तिच्या मनानं घेतलं की तिथं डॉक्टर येत असणार. सोमवारी तिनं धुवट लुगडं नेसलं, थेंबांची बाटली कमरेला खोचली. ऑटोतून उतरल्यावर सुवर्णानं तिला खोलीच्या दारात पोचवलं आणि ती बाजारात गेली.

आत चहाचा वास होता आणि चार-पाच माणसांची खुसखुस.

"या बाई," एक म्हातारा आवाज म्हणाला. "दोन पावलं सरका. खुर्ची तुमच्या उजव्या गुडघ्याले लागंल."

खुर्ची खरोखर उजव्या गुडघ्याला लागली. ती बसली. चहाचा कप कोणी हातात दिला नाही, टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि तो आवाज म्हणाला, "कप तुमच्या डाव्या हाताच्या समोर हाय." दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं कप आपला आपण उचलला.

"डॉक्टर कवा येते?" तिनं विचारलं.

खोलीत कोणीतरी फसकन हसलं. एका बाईचा घोगरा आवाज आला, तोंडात सुपारी धरून बोलणारा. "डॉक्टर इथं नाही येत, माय. इथं आमी येतो."

ती राहीबाई. मावला गावची, भाजीवाली. बारा वर्षांपूर्वी तिची नजर गेली होती. आधी बोलला तो मारोतराव, जुना बस कंडक्टर. राहीबाईनं खुर्ची ओढून जवळ आणली. "काय झालं म्हनते डॉक्टर? मोतीबिंदू का काचबिंदू?"

"काचबिंदू म्हनते. दिवायीनंतर आप्रेशन हाय. मंग दिसंल."

चमचा कपात फिरायचा थांबला.

"तुमाले हे कोनं सांगतलं?" राहीबाईनं विचारलं.

"पोरानं."

"अन पोराले डॉक्टरनं काय सांगतलं, ते तुमी ऐकलं?"

"तेलंगीत बोलला तो."

राहीबाईनं सुपारी गालात सरकवली. "हे पाहा बाई. मोतीबिंदूत गेलेलं येते वापस. काचबिंदूत गेलेलं नाही येत. थेंब टाकाचे ते जे उरलं ते राह्यासाठी. मलेबी काचबिंदूच. मावल्यापासून हैदराबादपावतो फिरलो मी. तुमच्या डॉक्टरले एकदा मराठीतून इचारा. पन मी तुमाले खोटी आस नाही देनार."

कुसुमबाईच्या कानशिलात रक्त चढलं. "तुमचं गेलं म्हनून माहंबी जाव का? इथं तुमाले सोबत पाह्यजे म्हनून?"

"मीबी असंच म्हनलं होतं. या मारोतरावले तर शिव्या देल्ल्या होत्या."

"देल्ल्या," मारोतराव म्हणाला. "अजून याद हायेत सगळ्या."

कोणी हसलं नाही आणि कोणी दुखावलंही नाही. तेव्हा कुसुमबाईला कळलं, की ही बाई खरं बोलतेय. तिला आठवलं, दवाखान्यातून परत येताना राजकुमार बसमध्ये एक शब्द बोलला नव्हता आणि चंपतराव त्या रात्री जेवला नव्हता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती एकटीच दिवाळी मोजत होती.

ती रडली. पदर तोंडात कोंबून, मग पदर सोडून. तिला कोणी गप्प बस म्हटलं नाही, देवावर भरवसा ठेव म्हटलं नाही. सगळे आपापला चहा पीत राहिले आणि राहीबाईचा हात तिच्या गुडघ्यावर राहिला, जड आणि खरखरीत, मातीत काम करणाऱ्या बाईचा.

बऱ्याच वेळानं राहीबाईनं विचारलं, "घरी काय करता?"

"काय नाही. बसतो."

"आंधी काय करत होत्या?"

"कापूस वेचत होतो. दिवसाले मन-मन वेचत होतो मी."

"त्याले डोये लागते?"

"लागतीनच ना."

"मले काय मालूम. मी भाजीवाली. कापूस कधी वेचला नाही. सांगा बरं कसा वेचता."

कुसुमबाई सांगायला लागली आणि अडली. तोंडाला शब्द सापडेना. हात मात्र आपोआप हवेत उठले. पाचही बोटं बोंडाभोवती यायची, पाकळ्यांच्या मुळाशी चिमटायची, मनगटाला छोटासा झटका, आणि सगळा कापूस एकदम मुठीत. दुसरा हात तोवर पुढच्या बोंडावर. यात डोळे कुठं होते? ती आठवायला लागली. वेचताना ती तर बाजूच्या बाईशी बोलत असायची, तिच्याकडे बघत असायची.

"बुधवारी येतो मी तुमच्या वावरात," राहीबाई म्हणाली. "मले शिकवा."

बुधवारी ती खरोखर आली. मावल्याहून बसनं बोथ, तिथून ऑटो, हातात पांढरी काठी. चंपतरावानं वावराच्या तोंडाशी सुवर्णाबरोबर दोघींना उतरताना बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. तो सुवर्णाला बाजूला घेऊन म्हणाला, पण कुसुमबाईच्या कानांना आता बाजूचं असं काही उरलं नव्हतं.

"दोन आंधया बाया वावरात घेऊन आली. लोकं काय म्हनतीन? मोहाच्या झाडाखाली बसव त्यायले. चहा दे."

"बसवतो मामाजी," सुवर्णा म्हणाली.

दोघी बसल्या. चहा प्याल्या. बाया वावराच्या दुसऱ्या टोकाला वेचत होत्या, चंपतराव गाठोडी बांधत होता. त्यांचं बोलणं दुरून येत होतं. मधे वाळलेल्या पानांची चुरचुर, आणि ऊन लागलेल्या कापसाचा तो कोरडा वास. कुसुमबाईच्या बोटांना अक्षरशः खाज सुटली.

"बसाले आली का मी एवढ्या दुरून?" राहीबाई म्हणाली.

दोघी उठल्या. कुसुमबाईनं पदराची ओटी बांधली, राहीबाईची बांधून दिली. काठीनं पुढची जमीन चाचपत त्या पहिल्या झाडाशी आल्या. कुसुमबाईनं हात घातला. वाळलेल्या बोंडाच्या टोकानं पहिल्या झटक्यातच नखाखाली टोचलं, रक्त आलं, आणि तिला इतका आनंद झाला की तिनं ते बोट तोंडात धरून ठेवलं.

"इथं धरा. खालून. वरून धरलं त पाला येते संगं."

"हे चिकटून राह्यलं."

"ते कवडी. किडलेलं. फुगत नाही, बोटाले टणक लागते. सोडून द्या त्याले. चांगला कापूस आपल्या हाताकडं येते, पाहा."

राहीबाई कामसू होती, पण हात भाजीचे. मेथी उपटल्यासारखी ओढायची. कुसुमबाई तिच्या हातावर चापट मारायची. "झाडाले काऊन मारून राह्यल्या? हळू." दोन महिन्यांत तिनं कोणाला काही शिकवलं नव्हतं, कोणाला दटावलं नव्हतं. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं राहीबाई, मधे झाडांची ओळ. कंबर झाडाला घासत चालायचं, म्हणजे पात सुटत नाही. ओळ संपली. दोघी वळल्या, आठ पावलं चालल्या, हाताला झाडं लागली आणि पुन्हा वेचायला लागल्या.

चार झाडं झाली असतील. कुसुमबाईचा हात थांबला.

"थांबा राहीबाई. हे बोंड मोठं हाय. कापूस लांब येऊन राह्यला. हे बियानं आमचं नोहे."

तिला कळलं तोवर उशीर झाला होता. उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाल्यानं दोन वावरांमधला धुरा पार सपाट करून ठेवला होता. पायाला बांध लागलाच नाही. दोघी शेजारच्या रुक्माबाईच्या वावरात उभ्या होत्या.

"कोन व्हय तिकडं? दिवसाढवळ्या?" रुक्माबाई कापसातून वाट काढत आली. जवळ आल्यावर तिनं ओळखलं आणि आवाज खाली येण्याऐवजी वर चढला. उन्हाळ्यातच त्या धुऱ्यावरून चंपतरावाशी तिची बोलाचाली झाली होती. "अस्सं. धुरा मोडून पोट नाही भरलं, आता आंधयेपनाचं नाव करून कापूसबी नेता का?"

दोन्हीकडची माणसं धावत आली. चंपतराव घामानं निथळत पुढं झाला. बायकोच्या ओटीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. "चूक झाली रुक्माबाई. तिले दिसत नाही. तिचं डोकं ठिकान्यावर नाही. उद्यापासून नाही येनार ती इकडं." आणि बायकोचा दंड धरून म्हणाला, "चाल घरी."

डोकं ठिकाणावर नाही, हे ती त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती. सगळ्यांसमोर. तिला वाटलं, ही जमीन आत्ता दुभंगली तर बरं. पण जमीन काही दुभंगली नाही, आणि आज घरी गेलं तर बाजेवरून परत उठणं नाही, एवढं तिला साफ दिसलं.

तिनं दंड सोडवून घेतला. जिथं धुरा असायला हवा होता तिथं फतकल मारून बसली, ओटी सोडली आणि कापूस पुढ्यात ओतला.

"रुक्माबाई, समोर बसा. तुमचा कापूस तुमाले देतो."

तिनं एकेक चिमूट उचलायला सुरुवात केली. अंगठ्यानं सरकी दाबायची, बोटांत धागा जरा ताणायचा. हा आखूड, सरकी बारीक: डावीकडे. हा लांब, सरकी टपोरी: उजवीकडे. राहीबाईनं आपलीही ओटी तिच्यापुढं रिकामी केली. ऊन डोक्यावर होतं, घाम हनुवटीवरून कापसावर टपकू नये म्हणून कुसुमबाई मान वळवून पुसायची आणि पुन्हा लागायची. डावीकडचा ढीग मोठा झाला, उजवीकडे ओंजळभर.

रुक्माबाईनं ओंजळभरातला कापूस पिंजून बघितला. मग डावीकडच्या ढिगात हात घातला, खालून वर केला, पुन्हा बघितलं. तिनंही जन्मभर कापूसच वेचला होता.

"बरोबर हाय," ती शेवटी म्हणाली. "माह्या डोयानं एवढं नसतं निवडलं मी." आणि ओंजळ पदरात घेऊन आपल्या वावराकडे वळली.

माणसं पांगली. सुवर्णा राहीबाईचा हात धरून मोहाच्या सावलीकडे घेऊन गेली. चंपतराव उभाच राहिला. कुसुमबाईला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"दिवायीनंतर काय व्हनार हाय, ते मले मालूम झालं," ती म्हणाली.

त्याचा श्वास थांबला. "राजकुमारनं सांगतलं?"

"तुमच्यापैकी कोनीच नाही सांगतलं. परक्या बाईनं सांगतलं."

तो खाली बसला, तिच्या समोर, मातीत. "मले तोंड नोतं. तू रोज इचारे, किती दिवस राह्यले म्हनून. म्या काय सांगाव?"

"सांगाचं. रडली असती मी. आता तरी काय कमी रडली?" तिचा आवाज फाटला. "तुमी मले माह्याच घरात पाहुनी करून ठेवली. सीतादही केलं अन मले परसाद देल्ला. मी काय मेली होती का?"

तो रडतोय हे तिला नाकाच्या ओढण्यावरून कळलं. एकतीस वर्षांच्या संसारात तो तिच्यासमोर रडला नव्हता. तिनं त्याला रडू दिलं. ओटी झटकली, पुन्हा कमरेला बांधली.

"पाऊस येते म्हनता," ती म्हणाली. "माही पात कोनती, सांगा."

तो उठला. तिचा दंड धरला नाही. आपला खांदा पुढं केला. तिनं त्यावर हात ठेवला. ते चालले. "ही धुऱ्याकून तिसरी," तो म्हणाला आणि तिचा हात पहिल्या झाडावर टेकवला. "सरळ हाय. मधात एक झाड मेलेलं हाय, तिथं जागा रिकामी लागंल. पाच पावलं जाय, मंग पुन्हा झाड."

तिनं वेचायला घेतलं. थोड्या वेळानं शेजारच्या ओळीत पानं चुरचुरली. तिला वाटलं सुवर्णा असेल. पण हात फारच अडाणी होता.

"कोन व्हय?"

"मीच," चंपतराव म्हणाला.

वेचणी बायांची. गडीमाणूस गाठोडी बांधतो, बैलगाडी भरतो. पात कधी धरत नाही. पलीकडच्या दोन मजुरणी बोलता बोलता गप्प झाल्या आणि मग खुसखुसायला लागल्या. चंपतरावाच्या कानापर्यंत ते पोचलं असणार, पण तो हटला नाही.

"पाला येऊन राह्यला तुमच्या हाती," ती म्हणाली. "आवाजावरूनच समजते. खालून धरा."

"खालून म्हनजे कसं?"

तिनं झाडावरून हात लांब केला, त्याची बोटं शोधली आणि बोंडाच्या बुडाशी आणून चिमटीत बसवली. तिची बोटं तिथून लगेच निघाली नाहीत.

"अवो," ती म्हणाली, "एकदा पांढरं पाहू वाटते. बाकी कायचं काही नाही. तुमचं तोंड नाही दिसलं त चालते, मी पाह्यलं ते भरपूर. पन भरलेलं वावर एकदा पाहू वाटते." तिनं तोंड वावराच्या टोकाकडं वळवलं. "कसं दिसून राह्यलं?"

चंपतरावानं मान वर केली. टोकापर्यंत बघितलं, पलीकडं रुक्माबाईच्या वावराकडं बघितलं. दुधासारखं म्हणावं का, चांदण्यासारखं म्हणावं का? तसलं बोलणं त्याच्या तोंडाला कधी जमलं नव्हतं.

"तू पाह्यलं होतं," तो म्हणाला, "तसंच हाय."

कुसुमबाईचा हात बोंडावर तसाच राहिला. उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच होतं, तरी तिनं डोळे मिटून घेतले. बराच वेळ ती तशी उभी राहिली आणि तोही वेचायचा थांबला. मग तिनं ओटी सावरली आणि पुढच्या झाडाला हात घातला.